एसीवाल्याची वेबसाइट

कतारमधल्या लहान धंद्यांच्या वेबसाइट ओळीने उघडून बघा. रंगकाम करणारा असो, टायपिंग सेंटर असो की खिडक्यांचे पडदे शिवणारा, वर फोटो ठरलेला: समुद्राकाठचे वेस्ट बेचे काचेचे मनोरे, बहुधा संध्याकाळच्या उजेडात. त्या मनोऱ्यांचा आणि पडद्यांचा काय संबंध, हे कुणी विचारत नाही. खाली एक जाडजूड वाक्य असतं, ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’. दुकान कुठे आहे, किती वाजता उघडतं, नेमकं काय काम करतं, हे शोधायला तीन पानं खाली जावं लागतं. तेवढं कुणी जात नाही.

मी दोह्यात अशा वेबसाइटच्याच दुरुस्त्या करते. सांगलीकडच्या एका दादांचं इथल्या नजमा भागात एसी दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांच्या साइटचं काम हातात आलं तेव्हा तिच्यावरही तेच मनोरे होते. दादांची तक्रार सरळ होती. ‘‘ताई, मेपासून सप्टेंबरपर्यंत पोरांना जेवायला फुरसत नसते. पण गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं, कुणाच्या तरी सांगण्यावरनं आलेलं. गुगलवरनं एक फोन येईल तर शपथ.’’ त्यांना हवी होती ‘झकास डिझाइन’. रंग बदलायचे, लोगो फिरता करायचा.

असं काम आलं की मी आधी रंगांकडे बघतच नाही. साइट फोनवर उघडते, तीही ऑफिसच्या वायफायवर नाही, सिमच्या डेटावर. एसी बंद पडलेला माणूस घामाघूम होऊन हातातल्या फोनवरच शोधणार, लॅपटॉप उघडून बसणार नाही. गुगलही आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं. 2016 मध्ये जाहीर केलेला हा बदल 2023 मध्ये पूर्ण झाला. दादांच्या साइटवर मनोऱ्यांचे तीन फोटो एकामागून एक सरकत होते आणि प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसा, काही एमबींचा, चढवलेला होता. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा आहे. इथे तेवढ्या वेळात पांढरा पडदा दिसत होता. फोटो आला की मजकूर खाली ढकलला जायचा, आणि फोनचं बटण दाबायला गेलेला अंगठा भलत्याच ठिकाणी पडायचा.

नंतर गुगलमध्ये फक्त त्या साइटची पानं मागवली. एकच पान आलं, तेही नुसत्या नावापुरतं, खाली मजकुराची ओळ नाही. कारण सापडायला वेळ लागला नाही. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बांधताना तिच्यात खूण करून ठेवतात, म्हणजे अर्धवट पानं बाहेर दिसत नाहीत. काम संपल्यावर ती काढायची असते. ज्याने साइट बांधली त्याने काढलीच नव्हती. दुकान उघडलं, पाटी लावली आणि शटर आतून ओढून घेतलं, असला प्रकार. दादांना हे दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘आणि मी दरवर्षी होस्टिंगचे पैसे भरतोय.’’

मुख्य पानाचं शीर्षक होतं ‘होम’. गुगलच्या यादीत निळ्या अक्षरांत जी ओळ दिसते ती बहुतेक वेळा या शीर्षकावरून येते. ‘होम’ असं कोण शोधतं? तिथे कामाचं नाव, भागाचं नाव आणि दुकानाचं नाव टाकलं. एवढं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. या धंद्यात सगळ्यात जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी अशाच पाच मिनिटांच्या असतात, आणि त्यांचं बिल लावताना अवघडल्यासारखं होतं.

पत्त्याची गोष्ट खास कतारची. इथे पोस्टमन घरोघर फिरत नसे. पत्र यायचं ते पोस्ट बॉक्सात. त्यामुळे जुन्या लेटरहेडवर आणि तिथून उचलून वेबसाइटवर पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स नंबर, पुढे ‘दोहा, कतार’, आणि संपलं. त्यावरून गाडी घेऊन कुणी पोचू शकत नाही, गुगलला नकाशावर टाचणी रोवता येत नाही. खरा पत्ता मात्र प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर असतो. छोटी निळी पाटी, तिच्यावर इमारतीचा नंबर, झोनचा नंबर आणि रस्त्याचा नंबर. 2017 च्या राष्ट्रीय पत्ता कायद्यानंतर इथल्या रहिवाशांना हाच पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागला, त्यामुळे आपला झोन कोणता हे आता बहुतेकांना पाठ असतं. आम्ही बाहेर जाऊन दादांच्या दुकानावरच्या पाटीचा फोटो काढला. तेच तीन आकडे वेबसाइटच्या तळाशी, गुगल बिझनेस प्रोफाइलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या दुकानी खात्यावर एकसारखे लिहिले. एकसारखे हे महत्त्वाचं. एका ठिकाणी जुना लँडलाइन, दुसरीकडे भाच्याचा मोबाइल, असं असलं की गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो तसाच यंत्राचाही होतो.

आता शब्द. दोह्यात एकाच गल्लीत मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, नेपाळी आणि कतारी राहतात, आणि प्रत्येकजण आपल्या परीने शोधतो. इंग्रजीत ‘एसी रिपेअर निअर मी’, अरबीत ‘तसलीह मुकय्यफात’. इंडस्ट्रियल एरियाला आपले लोक ‘सनैया’ म्हणतात, आणि रोमन लिपीत त्याची स्पेलिंगं कितीतरी. बिन महमूद या भागाच्या नावापुढे कुणी ‘फरीज’ लावतं, कुणी लावत नाही. प्रत्येक स्पेलिंगसाठी एक वेगळं पान करा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. नाव बदलून तोच मजकूर फिरवणारी पानं गुगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि स्पेलिंगमधला फरक त्याला आता बराच कळतो. भागांची नावं मजकुरात सहज येतील तिथे यावीत, एवढं पुरतं.

अरबी पान मात्र हवंच होतं. आधीच्या साइटवर वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण होतं. ते दाबलं की तिथल्या तिथे यांत्रिक भाषांतर व्हायचं. असं भाषांतर फक्त बघणाऱ्याच्या स्क्रीनवर होतं, त्याला स्वतःचा वेगळा पत्ता नसतो, म्हणून अरबीत शोधणाऱ्याला ते कधी सापडत नाही. आम्ही स्वतंत्र पान केलं. मजकूर ओळखीच्या एका सुदानी बाईंकडून लिहून घेतला, आणि दोन्ही पानांनी एकमेकांची ओळख सांगावी म्हणून कोडमध्ये भाषेची खूण टाकली. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, तेव्हा सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटवावी लागते: मेनू उजवीकडे, बाण डावीकडे. इथे एक गंमत होते. अरबी ओळीत फोन नंबर मोकळी जागा सोडून लिहिला, तर ब्राउझर आकड्यांचे गट उजवीकडून मांडतो. शेवटचे चार आकडे आधी येतात, कतारचा 974 शेवटी जातो आणि अधिकचं चिन्ह पलीकडे उडी मारतं. नंबर वाचता येतो, पण लागत नाही. कोडमध्ये त्या नंबरापुरती ‘डावीकडून वाच’ अशी सूचना दिली की प्रश्न मिटतो. दोह्यातल्या कितीतरी अरबी पानांवर हा उलटा नंबर अजून तसाच आहे.

हे सगळं झालं तरी साइटवर वाचण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून दादांना समोर बसवलं, करक चहा मागवला आणि विचारलं, फोनवर लोक काय विचारतात? दोन दिवसांनी नाही, आत्ता सांगा. यादी भराभर आली. आतल्या युनिटमधून पाणी गळतंय. गार होत नाही, नुसता पंखा फिरतो. वास येतो. गॅस भरायचे किती? या शेवटच्या प्रश्नावर दादा मोकळेपणाने बोलले. एसीतला गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. जुन्या आर-22 च्या यंत्रात नवा आर-410ए भरता येत नाही, कारण त्याचा दाब बराच जास्त असतो. मी म्हटलं, हेच लिहू. दादा हसले, ‘‘हे लिहिलं तर गॅसवर जगणाऱ्यांनी काय करायचं?’’ मग म्हणाले, लिहा.

त्यांच्याकडून कळलेली दुसरी गोष्ट मला कुठल्याही कीवर्डच्या यंत्रातून मिळाली नसती. पर्ल आणि वेस्ट बे या भागांतल्या टॉवरांत स्प्लिट एसी नसतातच म्हणण्यासारखं. तिथे कतार कूलच्या मोठ्या प्लांटमधून नळांनी गार पाणी येतं आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये फॅन-कॉइल युनिट असतं. तिथल्या माणसाला ‘गॅस भरा’ची जाहिरात दाखवून काय उपयोग? त्याला हवी असते कॉइल आणि डक्टची सफाई. म्हणून दोन वेगळी पानं झाली, एक स्प्लिट आणि विंडोवाल्या जुन्या इमारतींसाठी, एक टॉवरांसाठी. आणि एक ओळ ठळक टाकली: 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3.30 गच्चीवरचं काम होणार नाही. सरकारचा उन्हातल्या कामाबद्दलचा नियम आहे तो. आधी गिऱ्हाईक दुपारी बोलवायचं, पोरं नाही म्हणायची आणि भांडण व्हायचं. ही ओळ डिझाइनमध्ये मोडते की सर्चमध्ये, मला ठाऊक नाही; पण भांडणं कमी झाली.

मनोरे काढले. त्यांच्या जागी दादांची पांढरी व्हॅन, शिडी आणि दोन पोरं, मोबाइलवर काढलेला फोटो, आकाराने लहान केलेला. खाली अंगठ्याच्या टप्प्यात दोन बटणं: फोन, व्हॉट्सअ‍ॅप. फॉर्म काढून टाकला. त्याचे मेल ज्या खात्यावर जात होते ते कुणी उघडतच नव्हतं.

नकाशाचं काम वेगळं. जवळच्या दुकानांची यादी लावताना गुगल तीन गोष्टी बघतं: काम जुळतं का, अंतर किती, नाव किती आहे. अंतरावर कुणाचा इलाज नाही. नजमातलं दुकान अल खोरच्या माणसाला वर दिसणार नाही, आणि त्यासाठी अल खोरला खोटा पत्ता दाखवणं म्हणजे प्रोफाइल बंद पडायची तयारी. वेळा मात्र आपल्या हातात असतात. शुक्रवारी जुम्याच्या नमाजाला दुकान बंद, रमजानात दुपार सुनी आणि रात्र जागती. या वेळा प्रोफाइलवर आधीच भरून ठेवाव्या लागतात. बंद शटरपर्यंत येऊन परतलेला माणूस एक तारा देऊन जातो. रिव्ह्यू विकत देणारेही इथे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. दादांना मी एवढंच सांगितलं की काम झाल्यावर पोराने क्यूआर कार्ड पुढे करावं, आणि गिऱ्हाईक कुठल्याही भाषेत लिहो, उत्तर द्यावं.

‘पहिल्या पानाची गॅरंटी’ देणारे मेसेज तर रोज येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. कीवर्डचा जो लपवलेला टॅग ही मंडळी अजून पैसे घेऊन भरून देतात, तो आपण रँकिंगसाठी बघत नाही, असं गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं. विकतच्या लिंकांचा बंदोबस्त 2012 मध्ये आणखी कडक झाला. सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष धरा, असं गुगलच्याच माणसांनी सांगितलेलं आहे. एसीवाल्यासाठी याचा हिशेब सोपा: मेमध्ये गिऱ्हाईक हवं तर साइटला हात नोव्हेंबर-डिसेंबरात लागला पाहिजे. लोक मात्र पहिला उकाडा जाणवला की फोन करतात.

दादांचं काम सुदैवाने थंडीत झालं. उन्हाळ्यात नजमा, मन्सूरा, उम्म गुवैलिना या भागांतून शोधणाऱ्यांना नकाशाखालच्या तीन नावांत त्यांचं नाव दिसायला लागलं, अरबीतूनही फोन आले. नुसतं ‘एसी रिपेअर दोहा’ टाकलं तर आजही वर मोठ्या कंपन्या आणि जाहिरातींच्या साइट असतात. ते बदलेल असं मला वाटत नाही, आणि सहा माणसांच्या दुकानाला त्याची गरजही नाही.

एक काम शेवटपर्यंत अडून राहिलं होतं. डोमेन दादांच्या नावावर नव्हतंच. साइट बांधणाऱ्याने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, आणि तो माणूस कतार सोडून गेलेला. ते परत मिळवायला जितकी पत्रापत्री झाली, तितकी बाकी सगळ्या कामात मिळून झाली नाही. आखातात माणसं येतात-जातात, व्हिसा संपतो, नंबर बदलतो. तेव्हा तुमचं इथे छोटंसं जरी दुकान असेल, तर डोमेन, होस्टिंग आणि गुगल प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर आहे ते आज रात्री दुकान बंद करण्याआधी बघा. तुमच्या नसेल तर डिझाइनचं नंतर बघू; आधी ते नावावर करून घ्या.