लेकरू आपला चेहरा वाचतं

शेलूबाजार परिसरातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. आज कर्जाचा आणि हप्त्याचा विषय नाही. आज आपल्या लेकरांविषयी बोलायचं आहे.

मागे एका गटाच्या बैठकीत फळीवरचं रजिस्टर काढायला आम्ही हात वर केला. शेजारी बसलेल्या सात वर्षांच्या पोराने लगेच दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "लई भित्रं आहे ते," आई म्हणाली. सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसणं मनाला टोचत राहिलं. ते पोरगं भित्रं नव्हतं. वर गेलेला हात खाली कसा येतो, हे त्याला ठाऊक होतं.

मैत्रिणींनो, मार खाणारं लेकरू माणसांचे चेहरे वेगळ्या तऱ्हेने वाचतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सेठ पोलॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. 2002 साली त्यांनी आठ-दहा वर्षांच्या मुलांना संगणकावर चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही चेहरे मिसळलेले होते, म्हणजे थोडी भीती आणि थोडा राग, किंवा थोडं दुःख आणि थोडा राग. जे चेहरे इतर मुलांना घाबरलेले किंवा दुःखी वाटले, त्यातले काही घरी मार खाल्लेल्या मुलांना रागावलेले वाटले. दुसऱ्या एका प्रयोगात अंधूक फोटो हळूहळू स्पष्ट होत जायचा. मार खाल्लेल्या मुलांनी त्यातला राग इतरांच्या आधी ओळखला.

असं का होतं? आपल्या वावरात राखण करणाऱ्या माणसाला रानडुकराची चाहूल आधी लागते, तसंच हे आहे. राग लवकर ओळखला तर पळता येतं, लपता येतं. लेकराच्या मेंदूने जीव वाचवायला शिकलेली ही विद्या आहे.

पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. घरी कामी आलेली ही सवय शाळेत आडवी येते. बाई नुसत्या थकलेल्या असल्या तरी त्याला वाटतं, त्या चिडल्यात. मित्राने सहज पाहिलं तरी वाटतं, हा मारणार. मग ते आधीच हात उगारतं, नाहीतर कोपऱ्यात गप्प बसतं. आपण म्हणतो, पोरगं भांडखोर आहे, घुमं आहे. ज्या लहान मुलांकडे कुणी लक्षच देत नाही, त्यांची अडचण वेगळी. कोणता चेहरा काय सांगतो, यातला फरकच त्यांना नीट कळत नाही. त्यांच्याशी हसणारं, बोलणारं कुणी नसेल, तर ते शिकणार कुठून?

हे फक्त परदेशातलं नाही. आपल्या केंद्र सरकारने 2007 साली 13 राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्लेला होता. घरी मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते. सोयाबीनला भाव नाही, घरात दारू, डोक्यावर कर्ज, आणि राग निघतो लेकरावर. आमच्यातल्याही कित्येकींनी हात उचललेला आहे, हे आम्ही लपवत नाही.

मग करायचं काय? आपण थकलो असू तर तसं तोंडाने सांगावं. "माय थकली आहे, तुझ्यावर रागावली नाही." म्हणजे लेकराला चेहऱ्यावरून अंदाज बांधावा लागत नाही. त्याच्याशी बोलताना खाली बसावं, आवाज खाली ठेवावा. राग आवरेना तर अंगणात जाऊन पाणी प्यावं, मग बोलावं. आणि हात उचललाच, तर "माझं चुकलं" म्हणायला लाजू नये. अशी वागणूक रोज मिळाली, तर सगळे चेहरे मारणारे नसतात हेही लेकरू शिकतं.

शाळेत मुलांना मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. सांभाळणाऱ्यानेच लेकराचा छळ केला, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याने तुरुंगवास होऊ शकतो. शेजारच्या घरात असं काही दिसलं तर "त्यांच्या घरची गोष्ट" म्हणून गप्प बसू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. तो मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. आपल्या जिल्ह्याची बालकल्याण समितीही आहे. वाट कळली नाही तर अंगणवाडी ताईंशी बोला.

पुढच्या बैठकीला आम्ही हात वर करण्याआधी म्हणालो, "बाळा, रजिस्टर काढते हं." त्याने डोकं झाकलं नाही, पण नजर मात्र आमच्या हातावरच होती. बैठक संपल्यावर त्याची आई थांबली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मलाच शिकायचं आहे."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आणि आज घरी गेल्यावर लेकराने आपल्या तोंडाकडे पाहिलं, की त्याला तिथे काय दिसतं, याचा एकदा विचार करा.