सायकल दिली, वाट कोण देणार?

शहराची प्रगती रस्त्याच्या रुंदीवरून मोजण्याची रूढी आता सर्वत्र पडली आहे. रस्ता रुंद झाला, की मोटारींचा वेग वाढतो; मात्र त्याच रस्त्याच्या कडेने पायी अथवा सायकलने जाणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जालन्यात तो विचारण्याची वेळ आली आहे.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा जालना, अशी या शहराची रचना. नदी ओलांडल्यावाचून अनेकांचा दिवस पार पडत नाही. जुन्या जालन्याच्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या मापाने घडल्या. पुढे १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, पोलाद आणि बियाण्यांच्या उद्योगांनी शहराचे नाव दूरवर नेले, २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती २ लाख ८५ हजारांवर गेली आणि २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहर वाढले; गल्ल्यांचे माप तेच राहिले.

सायकलमार्ग ही सकाळी व्यायामास निघणाऱ्या हौशी मंडळींची मागणी आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः व्यायामासाठी सायकल चालविणाऱ्याला वेळ आणि रस्ता दोन्ही निवडता येतात. कारखान्याची पाळी गाठणाऱ्या कामगाराला आणि शाळेला निघालेल्या मुलीला ती मुभा नसते. ज्याच्यापाशी दुसरे वाहनच नाही, त्याच्यासाठी ही हौस नसून गरज आहे.

शासनाने ही गरज निम्मी ओळखली आहे. मानव विकास कार्यक्रम २००६ साली ज्या १२ मागास जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत जालना होता. शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना याच कार्यक्रमातील. अशा योजनेचे मोल बिहारने दाखवून दिले आहे. तेथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, असा निष्कर्ष कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. मात्र सायकल हाती आली म्हणजे वाट निर्धोक झाली, असे नव्हे. मुलगी मालमोटारींच्या रस्त्याला लागली, की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. आणि हा घोरच पुष्कळदा तिच्या शिक्षणाच्या आड येतो.

वाट बांधली तरी ती टिकतेच, असेही नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात १९८० च्या दशकात सायकलमार्ग झाले; २०१७ साली सर्वंकष आराखडाही मंजूर झाला. परंतु चौकात तुटणारे आणि उभ्या दुचाकींनी अडविलेले मार्ग सायकलस्वारांनीच टाळले. मग ‘कोणी वापरीत नाही’ हाच त्या मार्गांवरचा आक्षेप ठरला! याउलट नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३ हजारांहून अधिक बळी गेले, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालकांनी आंदोलन उभारले आणि त्या देशाने पुढील दशकांत सलग सायकलमार्गांचे जाळे विणले.

जालन्याने यातून बोध घ्यावा. जुन्या जालन्याच्या अरुंद गल्ल्यांत स्वतंत्र मार्गाचा अट्टहास नको. तेथे वेगाला आळा आणि वाहने उभी करण्याची शिस्त एवढे पुरे. खरी निकड आहे ती पुलांवर आणि शाळांकडे, कारखान्यांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर. तेथे चौकातही न तुटणारी, वाहनांपासून विलग केलेली पट्टी आणि मोकळा पदपथ हवा. सुरक्षित पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

प्रारंभाला फार पैसा लागत नाही. शाळा भरण्याच्या आणि पाळी सुटण्याच्या वेळी पुलांवरून किती सायकली व किती पादचारी जातात, एवढे तरी महानगरपालिकेने मोजावे. सायकल देऊन शासनाचे काम निम्मेच झाले आहे. मुलगी शाळेत सुखरूप पोहोचेल अशी वाट देणे, हे उरलेले निम्मे काम शहराचे आहे.