अबईच्या बियांतला बहुरूपी



कोकणात वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना अबईचा वेल आठवत असेल. तलवारीसारखी लांब शेंग. कोवळी असेल तर भाजीला घ्यायची, जून झाली की नाही. ह्या जुन्या रीतीला शास्त्राचा आधार आहे, तो कसा ते पाहू या.

झाड असो की माणूस, शरीरातली प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. जणू मण्यांची माळच. त्यांतल्या एका मण्याचे नाव आर्जिनिन. १९२९ साली जपानी शास्त्रज्ञांना अबईच्या कुळातल्या जॅक बीनमध्ये हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा मणी सापडला. त्याला नाव पडले कॅनाव्हनिन. हा आर्जिनिनचे सोंग घेतलेला बहुरूपीच!

दुसऱ्या झाडाच्या मुळांत हा शिरला की तिथल्या पेशी फसतात. आर्जिनिन समजून त्यालाच माळेत ओवतात. मग प्रथिनाची घडी बिघडते आणि त्याचे काम नीट होत नाही. टोमॅटोच्या रोपांना कॅनाव्हनिन दिले तर मुळांची वाढ खुंटते. किड्यांनी अशा बिया खाल्ल्या तर बहुतेकांची तीच गत होते.

मग जॅक बीन स्वतः कसा वाचतो? त्याच्या पेशींत आर्जिनिन निवडणारे जे एन्झाइम आहे, ते खरा-खोटा मणी बरोबर ओळखते. सोयाबीनच्या एन्झाइमला ते तितकेसे जमत नाही. शिवाय कोंब फुटताना रोपाला नायट्रोजन हवा असतो, तोही ह्याच साठ्यातून मिळतो. म्हणजे राखण आणि शिदोरी, दोन्ही एकाच डब्यात!

आता आपल्या कामाची गोष्ट. लसूणघास, म्हणजे इथली अस्पेसेत, हिच्या बियांत आणि मोडांतही कॅनाव्हनिन असते. हे मोड सॅलडमध्ये कच्चे खातात. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोड खाऊ घातलेल्या माकडांना ल्युपससारखा आजार झाला होता. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणशक्ती स्वतःवरच उलटते. म्हणून ल्युपसच्या रोग्यांनी हे मोड खाऊ नयेत, असा सल्ला डॉक्टर देतात.

बाकीच्यांनी घाबरून जायचे कारण नाही. मात्र उतारवयात कुठलेही कच्चे मोड टाळलेले बरे, कारण त्यांत रोगजंतू लवकर वाढतात. मुगाची उसळ मात्र नीट शिजवून खुशाल खा.