रक्तशर्करान्यूनता, मधुमेहातील

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण दर १०० मिलि.मध्ये ७० मिग्रॅ.पेक्षा कमी होण्यास रक्तशर्करान्यूनता म्हणतात. ५४ मिग्रॅ.च्या खालील अवस्था गंभीर समजली जाते. इन्शुलिनाचा रुग्णावर प्रथम उपयोग १९२२ मध्ये टोराँटो येथे झाला, तेव्हापासून हा उपद्रव परिचित आहे.

कारणे : औषध, आहार व श्रम यांचा तोल बिघडणे हे मुख्य कारण होय. इन्शुलीन अथवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेऊन जेवण लांबविणे, मद्यपान व मूत्रपिंडांचे विकार यांमुळे धोका वाढतो. कोल्हापुरातील शिवाजी पेठेसारख्या तालमींच्या व फुटबॉलच्या वस्तीत खेळानंतर, प्रसंगी कित्येक तासांनी व झोपेतही, साखर उतरू शकते. नवरात्रातील उपवासातही नेहमीची मात्रा तशीच घेतल्यास हाच धोका संभवतो.

लक्षणे : प्रारंभी घाम, कंप, धडधड व तीव्र भूक ही लक्षणे दिसतात. मेंदूस ग्लुकोज अपुरे पडू लागले म्हणजे चिडचिड, बरळणे, झटके व बेशुद्धी उद्‌भवते. अशा रुग्णास मद्यपी समजण्याची चूक होते. वारंवार साखर उतरणाऱ्या रुग्णांत, तसेच बीटा-रोधक औषधे घेणाऱ्यांत पूर्वसूचना अस्पष्ट होतात.

उपचार : मधुमेह्याला साखर वर्ज्य, या समजुतीने नातेवाईक नेमक्या या वेळी ती देण्यास कचरतात. तथापि या प्रसंगी साखर हेच औषध होय. शुद्धीवर असलेल्या रुग्णास सु. १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. गुळाचे पाणीही चालते. गूळ मधुमेहात निरुपद्रवी नाही, तीही साखरच होय, म्हणूनच तो येथे उपयोगी पडतो. पेढा वा चॉकोलेट यांतील स्निग्धांशामुळे शोषण मंदावते. अकार्बोज घेणाऱ्यास मात्र ग्लुकोजच द्यावे. पंधरा मिनिटांनी सुधारणा नसल्यास तीच मात्रा पुन्हा द्यावी व नंतर जेवण द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासमार्गात जाऊन गुदमरण्याचा संभव असतो. त्यास कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून ग्लुकोज अथवा ग्लुकॅगॉनाचे अंतःक्षेपण देतात. सल्फोनिलयुरियामुळे उतरलेली साखर सावरल्यावरही पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा रुग्णास, विशेषतः वृद्धास, देखरेखीखाली ठेवावे लागते.

प्रतिबंध : जेवणाच्या वेळा पाळणे, श्रमापूर्वी साखर तपासणे, उपवासापूर्वी वैद्याच्या सल्ल्याने मात्रा बदलणे व खिशात सदैव ग्लुकोज बाळगणे आवश्यक आहे. घरच्या मंडळींस व खेळातील सोबत्यांस लक्षणे ठाऊक असावीत. कारण त्या वेळी स्वतः रुग्णास विचार करता येईलच असे नाही.