हद्दीपलीकडची नोंद

शिरूर गावाला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. या नदीवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. पुणे-नगर रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला हा बदल जाणवतही नाही. पोलीस खात्याच्या दृष्टीने मात्र तेथे एक मोठी भिंत उभी आहे. अलीकडचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांचा, म्हणजेच कोल्हापूर परिक्षेत्राचा, तर पलीकडचा नाशिक परिक्षेत्राचा. नदीच्या दोन तीरांवरील दोन ठाण्यांच्या कागदांची अधिकाराच्या शिडीवर पहिली गाठ पडते ती थेट मुंबईला, पोलीस महासंचालकांच्या कार्यालयात.

दौंडची तऱ्हा याहून गुंतागुंतीची आहे. भीमेच्या पलीकडे श्रीगोंदे तालुका, म्हणजे पुन्हा दुसरा जिल्हा. त्यात दौंड हे सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणाऱ्या मार्गांचे जंक्शन. फलाटावर प्रवाशाची पिशवी चोरीस गेली तर तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा. रेल्वेच्या मालकीचे लोखंड नाहीसे झाले तर १९६६ च्या कायद्यानुसार ते काम केंद्र सरकारच्या रेल्वे सुरक्षा दलाचे. आणि तोच चोर स्थानकाबाहेर पडून एखाद्याची सायकल घेऊन गेला तर तक्रार दौंड पोलीस ठाण्यात. एकाच इसमाच्या एका रात्रीच्या उद्योगाची तीन दप्तरांत तीन ठिकाणी नोंद व्हावयाची आणि एका दप्तराला दुसऱ्याचा पत्ता नसावयाचा, असा हा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला.

हद्द ही शासनाची गरज आहे, गुन्हेगाराची नव्हे. उलट हद्द हे त्याचे भांडवल आहे. या दोन तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात विहिरीवरचे विद्युतपंप, रोहित्रातील तांब्याची तार, वाळू, दुचाकी गाड्या यांची चोरी ही शेतकऱ्याची नित्याची डोकेदुखी आहे. यातील बहुतेक माल चोरला जातो एका तालुक्यात आणि विकला जातो दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे परगावची, परप्रांतांची माणसे मोठ्या संख्येने येथे आली. ती पोट भरावयास आली, यात शंका नाही. पण ज्याला गावाने ओळखावे असा माणूस आणि ज्याची ओळख केवळ कागदावर आहे असा माणूस, यांतील फरक त्यामुळे ठळक झाला. ठाण्यातील मुरब्बी हवालदाराच्या स्मरणशक्तीवर चालणारी व्यवस्था येथे अपुरी पडू लागली. तो हवालदार बदलून गेला की त्याच्याबरोबर अर्धे दप्तरच जात असे.

गंमत अशी की, हद्दीपलीकडे माहिती पोहोचविण्याची एक पद्धत याच प्रदेशात पूर्वी होती. पेशवाईच्या अखेरीस मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याने चोराचा माग कसा काढावयाचा याचे वर्णन आहे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावावर जाई; त्या गावाने तो पुढे नेऊन दाखवावा, नाही तर नुकसान भरून द्यावे. या पद्धतीत जुलूम होता, निरपराध गावे भरडली जात. तथापि अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर माहिती पुढे देण्यात जागल्याचा आणि त्याच्या गावाचा स्वार्थ गुंतलेला होता. अलीकडच्या यंत्रणेत नेमका हाच दुवा हरवला आहे.

आधुनिक प्रयत्नांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आणि अन्य समित्यांनी केलेल्या शिफारशींवरून १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्र दिल्लीत स्थापन झाले. २००४ पासून ठाण्यांत संगणक बसविण्याची एक योजना आली, पण प्रत्येक ठाण्याचा संगणक आपापल्या खोलीत एकटाच राहिला. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतर २००९ मध्ये केंद्राने दोन हजार कोटी रुपयांची ‘सीसीटीएनएस’ ही योजना मंजूर केली. देशातील सुमारे चौदा हजार पोलीस ठाणी आणि सहा हजार वरिष्ठ कार्यालये एका जाळ्यात आणणे हा तिचा उद्देश. महाराष्ट्रात ती २०१५ मध्ये कार्यान्वित झाली. पोलीस हा विषय घटनेने राज्यांकडे दिलेला, त्या नोंदीत रेल्वे पोलिसांचाही उल्लेख आहे. तेव्हा केंद्राने पैसा द्यावा आणि राज्यांनी दप्तर भरावे अशी ही वाटणी झाली.

हे जाळे निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यात पारगाव येथे भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातील सात जणांचे मृतदेह काही दिवसांच्या अंतराने सापडले. कुटुंब राहत होते पारनेर तालुक्यात, गुन्हा नोंदला गेला यवत ठाण्यात. आरंभी आत्महत्येचा वाटलेला हा प्रकार तपासाअंती खुनाचा ठरला. बेपत्ता माणसाची नोंद एका जिल्ह्यात आणि अनोळखी प्रेताची नोंद दुसऱ्यात, हे अशा प्रकरणांचे नेहमीचे स्वरूप असते. या दोन नोंदी घटकाभरात शेजारी ठेवता येणे याचे मोल पैशात करता येणार नाही. तडीपारीचेही तसेच. पुणे जिल्ह्यातून हद्दपार केलेला माणूस पुलापलीकडे बिऱ्हाड करतो. पलीकडच्या ठाण्याला त्याची वार्ता नसेल तर हद्दपारीचा हुकूम म्हणजे शेजाऱ्याच्या दारात टाकलेला केर होय.

प्रश्न नोंदी भरण्याचा आहे. शिरूरच्या ठाण्यातील शिपायाने चोरीची पद्धत, मालाचा तपशील, आरोपीची वर्णने, टोपणनावे नीट भरली तर त्याचा लाभ कोणाला? बहुधा श्रीगोंद्याला, सोलापूरला, एखाद्या वेळी परराज्यातील ठाण्याला. शिरूरच्या पदरात पडतो तो केवळ बंदोबस्तातून वाचविलेल्या वेळेचा खर्च. ज्याला कष्ट त्याला फळ नाही, अशा वस्तूचे उत्पादन नेहमीच गरजेपेक्षा कमी होते, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. रस्त्यावरच्या दिव्यासारखी ही गोष्ट आहे. उजेड सगळ्यांना हवा, तेल घालण्याची पाळी मात्र दुसऱ्याची असावी असे प्रत्येकाला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रथम खबरीची प्रत चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला, संवेदनशील गुन्हे तेवढे वगळून. त्यामुळे खबर तरी वेळेवर चढू लागली. जेथे सक्ती आहे तेथे नोंद होते. जेथे केवळ सदिच्छेवर भिस्त आहे तेथे रकाने रिकामे राहतात. ठाण्याच्या कामाचे मोजमाप करताना त्याच्या नोंदींमुळे इतर ठाण्यांचे किती गुन्हे उघडकीस आले हे जोवर पाहिले जात नाही, तोवर नवे संगणक घेऊन यात फरक पडणार नाही.

येथवरचा हिशेब पोलिसांच्या सोयीचा झाला. दुसरा हिशेब ज्याचे नाव नोंदले जाते त्याचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. कागदी दप्तरातील चुकीची नोंद त्या ठाण्याच्या कपाटात पडून राही, वाळवी लागून एक दिवस संपेही. सामाईक दप्तरातील चूक मात्र एकाच वेळी सर्वत्र असते. चूक करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो दूरच्या गावी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीच्या रांगेत उभा राहिलेला तरुण.

या भागात ही भीती काल्पनिक नाही. शिरूर, दौंड, श्रीगोंदे या टापूत पारधी समाजाची वस्ती आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची जी रीत घातली, ती कायद्याच्या पुस्तकातून १९५२ मध्ये गेली. दप्तरातून ती कितपत गेली, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालात सापडते. दुर्बल समाजांतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहापोटी हिस्ट्रीशीटमध्ये येऊ नयेत म्हणून सर्व राज्यांनी आपापली पद्धत तपासावी, असे न्यायालयाला त्यात सांगावे लागले. कोठे चोरी झाली की प्रथम पालावर जावयाचे, ही जुनी सवय. तिचीच नोंद यंत्रात भरली तर यंत्रही तेच सांगणार. पूर्वी हवालदाराशी वाद तरी घालता येत असे.

२०२२ चा ओळखविषयक कायदा बोटांचे ठसे आणि इतर मोजमापे पंच्याहत्तर वर्षे जपण्याची तरतूद करतो. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती मोजमापे नष्ट करावीत, असेही त्यात म्हटले आहे. पण मोजमापे वेगळी आणि खबरीतले नाव वेगळे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला स्वतःविषयीची माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला खरा, परंतु गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी ठेवलेली माहिती त्यातून वगळली.

म्हणून पुढच्या खर्चाचा पहिला रुपया शिरूर आणि दौंड येथील न्यायालये व ठाणी यांच्यामधल्या छोट्याशा अंतरावर पडावयास हवा. खबर चढविण्यास चोवीस तासांची मुदत आहे, तशी निर्दोष सुटल्याचा निकाल त्याच नावासमोर चढविण्यासही असावी. तो चढला की नाही हे ठाण्याबाहेरच्या कारकुनाने, शक्य तर तालुक्याच्या विधी सेवा समितीने, दर महिन्यास पडताळावे. आणि ज्याचे नाव आहे त्याला अर्ज करून आपल्यासमोर काय लिहिले आहे त्याची प्रत मिळावी, वकील न लावता, शाळेतून दाखला मिळतो तशी.