बुशला तेल पाजू नका

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर सुटे भाग घ्यायला गेलं की हा सल्ला हमखास मिळतो: मागून करकर वाजतंय? बुश सुकलाय, थोडं तेल मारा. ऐकून ऐकून कंटाळलो आहे. ओळखीच्या एकांनी त्यांची जुनी बीएमडब्ल्यू झेड-4 दाखवायला आणली, तेव्हा मागच्या ट्रेलिंग आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, बुश बसवून जेमतेम आठ महिने झाले होते. रबर तेलाने फुगलं होतं, नख रुतवलं की खूण तशीच राहत होती आणि एका बाजूने ते आतल्या नळीपासून सुटलं होतं. बसवणाऱ्यांचं म्हणणं, माल डुप्लिकेट असणार. माल अस्सल होता. समजूत चुकीची होती.

समजूत अशी, की बुश म्हणजे फिरणारं बेअरिंग. तसं नाही. अशा बुशमध्ये बाहेर धातूचं कडं, आत नळी आणि मधे दोन्हींना कारखान्यातच चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. हंपवरून जाताना आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाक जागेवर आलं की पीळ सुटतो. काहीच घासत नाही, मग वंगण कशासाठी? उलट खनिज तेल नैसर्गिक रबरात मुरतं, त्याला फुगवतं आणि कमकुवत करतं. करकर आवाज आला तर बुश फाटलाय का, बोल्ट ढिला आहे का, हे आधी बघायचं.

याच समजुतीतून दुसरी चूक होते, आणि ती जास्त महागात पडते. गाडी जॅकवर, चाकं खाली लोंबकळताहेत आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळून टाकतात. बेअरिंग असतं तर चाललं असतं. इथे 40 सेंटिमीटरचा आर्म 8 सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला साडेअकरा अंशांचा पीळ बसतो, आणि गाडी उभी असतानाही तो सुटत नाही. त्यावर रोजचे खड्डे. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष दुकानदाराला लागतो.

हे माझं मत नाही. माझदा एमएक्स-5 चं वर्कशॉप मॅन्युअल उघडा: बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, मगच ठरलेल्या टॉर्कने आवळा. झेड-4 च्या या बुशचं ब्रॅकेट बॉडीला बोल्टने बसतं, म्हणून तिथे ब्रॅकेट आणि आर्म यांच्यातला कोन आधी ठरवून बोल्ट आवळतात. रीत वेगळी, कारण तेच. आणि ब्रॅकेट हललं की मागच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बदलतो, त्यामुळे काम झाल्यावर अलाइनमेंट करावीच लागते.

तेलाची समजूत आली कुठून, याचा माझा अंदाज: पॉलियुरेथिनच्या बुशवरून. बऱ्याच पॉली बुशांत आतली नळी खरोखरच फिरते, त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. तो नियम रबराला लावला की घोटाळा होतो. ‘रबर म्हणजे कंपनीची काटकसर, पॉली म्हणजे स्पोर्ट्स’ हेही सरसकट खरं नाही. पोर्शने 1977 मध्ये 928 आणली, तिच्या मागच्या वाइसाख अ‍ॅक्सलमध्ये बुशची लवचीकता मुद्दाम वापरली होती, म्हणजे वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी चाक बाहेर न वळता किंचित आत वळेल. झेड-4 च्या ट्रेलिंग आर्मलाही एकाहून अधिक दिशांना हलावं लागतं; घट्ट पॉली घातलं की तो अडखळतो. ट्रॅकवर चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकमधून रोज जायचं असेल तर मूळ रबरच घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. टायर आतून खाल्लाय, अलाइनमेंटने भागेल? फाटक्या बुशवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. एकच बाजू बदलू? नको, डावी-उजवी वेगवेगळी लवते आणि ब्रेक मारताना गाडी तिरकी होते. गाडी कमी चाललीय? ओझोन आणि उष्णता किलोमीटर मोजत नाहीत. इथल्याच सॅन मोटर्सची, नव्वदच्या दशकाच्या अखेरची सॅन स्टॉर्म कुणी झाकून ठेवली असेल, तर तिचंही मूळ रबर आता पंचवीस वर्षांहून जुनं झालंय.

तुमच्या गाडीचं काम निघालं तर शेवटचा बोल्ट आवळताना स्वतः हजर राहा. जुना रबरी बुश काढून नवा रबरीच बसत असेल, तर एवढंच विचारा: “अण्णा, गाडी चाकांवर उतरवलीत का? नसेल, तर कोन कशावरून ठरवला?” दोन्हींपैकी एकाचंही समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर पाना खाली ठेवायला सांगा.