सिम्युलेटरमध्ये एटीआर उतरवताय? मग जेटची सवय सोडा

पाचोऱ्याहून तासाभरावर असलेल्या जळगाव विमानतळावर फ्लाय९१ची एटीआर ७२ विमानं उतरतात. धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. हेच लँडिंग सिम्युलेटरमध्ये करायला गेलात की जेटची सवय नडते.

एअरबस उतरवताना जमिनीजवळ आपण थ्रॉटल सरळ शून्यावर आणतो. एटीआर मात्र टर्बोप्रॉप. पॉवर शून्यावर गेली की तिचे सुमारे चार मीटर व्यासाचे दोन प्रोपेलर विमानाला ओढायचं सोडून उलट अडवू लागतात. शिवाय पंखांवरून जाणारा त्यांचा वाराही कमी होतो, म्हणजे लिफ्टही घटली. विमान धपकन आपटतं!

म्हणून फ्लॅप्स ३० वर, वेग ११५ नॉटच्या आसपास (वजनानुसार थोडा बदलतो), मिनिटाला साधारण ६०० फूट खाली. थोडी पॉवर ठेवाच. नाक उचलताना ती सावकाश कमी करा. चाकं टेकली की मग प्रोपेलरचा हाच अडथळा ब्रेकसारखा वापरायचा.

आणखी एक. पॉवर लिव्हरशेजारी कंडिशन लिव्हर असतात. ते फेदरवर गेले की प्रोपेलरची पाती हवेला धार करून उभी राहतात, ओढ जवळपास संपते. १५ जानेवारी २०२३ला नेपाळमधल्या पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं एटीआर उतरत असताना फ्लॅप्सऐवजी हेच लिव्हर ओढले गेले. विमानातले सगळे ७२ जण गेले. त्यामुळे फ्लॅप्स लावले की लगेच टॉर्कचा आकडा बघा. तो शून्याकडे गेला असेल तर हात चुकीच्या लिव्हरवर पडलाय.